घरचं मक्याचं बी जूनमध्ये दगा का देतं?

तक्रार दरवर्षी तीच असते. कणसं भरलेली होती, खडखडीत वाळवली होती, डबा घट्ट लावला होता. मृगाच्या पावसावर बी टोबलं, म्हणजे एकेक दाणा मातीत खुपसून पेरला, आणि निम्म्या जागा मोकळ्या राहिल्या. मग दुबार टोबणी. तोवर पहिला मका गुडघ्याला लागलेला, पुढे तुरे मागेपुढे येतात आणि कणसं अर्धवट भरतात. आमच्या घरी हे ओळीने तीन वर्षं झालं. दोष मी आधी पावसाला दिला, मग जमिनीला, मग मुंग्यांना. खरं कारण घरात होतं आणि ते कळायला मला फार उशीर लागला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचं शेत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात. सासूबाईंनी माहेराहून आणलेला पांढरा गावठी मका आम्ही घरापुरता करतो, कारण भाकरी त्याचीच आवडते. त्यांच्या वेळी बियाची कणसं सोलून, पाती उलटी ओढून, दोन-दोनांच्या जोड्या बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगत. धुराने काळी पडलेली ती कणसं जूनमध्ये खाली उतरायची, काजळी झटकली की आत दाणे टणक. "बियाचं कणीस धुराला लावायचं, उन्हाला नाही," असं त्या सांगायच्या. पुढे घर स्लॅबचं झालं, स्वयंपाक गॅसवर गेला. टांगायची पद्धत मात्र आम्ही सोडली नाही, छताला हुक लावून तशाच जोड्या टांगल्या. पहिल्याच पावसाळ्यात सोंडे, म्हणजे दाणा पोखरणारे भुंगे, झाले. म्हणून डबे आणले, तर बुरशी धरली.

चूल तीन कामं एकदम करत होती. काढणीला कणसात राहिलेली ओल ती आठवडेच्या आठवडे हळूहळू ओढून घ्यायची, भर पावसाळ्यात रोज दोन वेळा ऊब देऊन ओल परत शिरू द्यायची नाही, आणि धुराने किड्यांना लांब ठेवायची. आम्ही टांगणं धरून ठेवलं आणि त्याच्या खालची चूल काढून घेतली. आता ती तिन्ही कामं वेगवेगळी, आपल्या हाताने करावी लागतात. त्यातलं एक जरी राहिलं तरी जूनमध्ये दगा ठरलेला.

आधी न उगवलेलं बी उकरून बघा

टोबल्यावर आठ-दहा दिवसांनी मोकळ्या जागा खुरप्याने उकरा. बी काय झालं ते तिथेच दिसतं, आणि अंदाजाने औषधं मारण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम जास्त उपयोगाचं आहे.

दाणा आहे, पण बोटाने दाबला की पिठल्यासारखा फुटतो आणि कुबट वास येतो: हे बी पेरायच्या आधीच मेलेलं होतं, साठवणीतल्या ओलीने. दाण्याला भोक आणि आत पोकळ: सोंडे. मूळ फुटलंय, पण कोंब नाही किंवा कोंब मातीतच वेटोळं करून बसलाय: वाळवताना उष्णता जास्त लागली, काठीने बडवताना दाण्याचा कोंबाकडचा भाग दुखावला, किंवा बी फार खोल पडलं. खोल म्हणजे काय, तर चार-पाच सेंटिमीटर पुरे. दाणा जसाच्या तसा, फुगलेलाही नाही: ओल पोचली नाही, बियाचा दोष नाही, थांबा. आणि दाणाच नसेल तर उंदीर, मुंग्या किंवा पाखरं.

आमच्याकडे पहिल्या वर्षी पिठलं झालेले दाणे निघाले. दुसऱ्या वर्षी भोकं. तिसऱ्या वर्षी वेटोळं झालेले कोंब, कारण ओलीच्या धास्तीने मी मार्चच्या राहिलेल्या बियाला भर दुपारी पत्र्यावर टाकलं होतं.

दाणा वाळतो, बुरकुंड ओलं राहतं

इथे बहुतेक जण फसतात, म्हणून जरा थांबून सांगते.

मका पिकला हे पानांच्या पिवळेपणावरून ठरवू नका. कणसाच्या मधला एक दाणा काढा, त्याचं बुरकुंडात, म्हणजे कणसाच्या मधल्या दांड्यात, बसलेलं टोक नखाने खरवडा. तिथे काळी रेघ दिसली की दाणा पूर्ण भरला, आता त्यात झाडाकडून काही येणार नाही. त्याआधी काढलेला दाणा वाळल्यावर सुरकुततो. उगवला तरी रोप किरकोळ येतं. पण काळी रेघ आली म्हणजे दाणा वाळला असं नाही. त्या वेळी त्यात ३० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. बियाला ते १२ टक्क्यांवर आणायचंय. उगवणीची कसोटी आणि साठवण या १२ टक्क्यांवर उभी आहे. हवाबंद डब्यात ठेवायचं असेल तर प्रमाणित बियाण्याला ओलीची मर्यादा याहून कडक, ८ टक्के असते.

खरिपाचा मका नेमका सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात तयार होतो आणि परतीचा पाऊस तेव्हाच येतो. शेतात उभा ठेवला तर कणसाच्या शेंड्यातून पाणी आत उतरतं, बुरशी धरते, कधी कणसातच कोंब फुटतात. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत शेतकरी दाणा पक्का झाला की ताट कणसाच्या खाली मोडून वाकवतात, म्हणजे कणसाचा शेंडा जमिनीकडे होतो आणि पाणी पातींवरून गळून जातं. दहा-वीस ओळींच्या तुकड्याला हे सहज करता येतं. आम्ही ते करतो आणि पावसाची झड लांबली तर कणसं काढून घरात आणतो.

घरी आणल्यावर त्याच दिवशी पाती सोला. ढीग करून एक रात्र जरी ठेवला तरी सकाळी मधली कणसं हाताला गरम लागतात. ती वाफ कोंबाला मारते. पाती मागे ओढून जोड्या बांधा आणि जिथे वारा खेळतो अशा सावलीत दोरीवर टांगा, एकमेकांना चिकटून नकोत. पडवी उत्तम. पावसाळी हवा असेल तर पंखा लावा, रात्रभर लावा. विजेचं बिल बियाण्याच्या एका पिशवीपेक्षा कमी येतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाणे दाताखाली कट्ट वाजतात आणि आपल्याला वाटतं झालं. मी नेमकं तेव्हाच सोलून प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरलं होतं. दाण्याची साल बाहेरून कडक झालेली असते, पण मधला भाग आणि बुरकुंड ओलंच असतं. ड्रममध्ये ती ओल सगळीकडे पसरते, झाकणाच्या आतल्या बाजूला घाम धरतो. त्या जूनमध्ये झाकण काढलं तेव्हा आलेला आंबूस गरम वास मी विसरलेली नाही.

तेव्हा कसोटी बुरकुंडाची लावा. एक कणीस दोन्ही हातांनी मोडा. वाकून चिवटपणे तुटलं, आतला भेंडासारखा गाभा दमट, मऊ लागला, तर अजून दहा दिवस टांगा. कोरड्या काटकीसारखं कडकन मोडलं तर पुढची कसोटी घ्या.

मिठाची बरणी

बारीक मीठ तव्यावर कोरडं भाजून थंड करा. खडेमीठ नको. झाकणाची कोरडी काचेची बरणी घ्या, तिचा एक तृतीयांश भाग दाण्यांनी भरा, वर दोन-तीन मोठे चमचे मीठ घाला. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवा. आता बरणी आडवी करून उजेडात धरा. मिठाचे कण काचेला चिकटून राहिले, दाण्यांना मिठाचा पांढुरका लेप धरला, तर बी अजून ओलं आहे, १५ टक्क्यांच्या वर. मीठ सगळं खाली ओघळलं आणि काच स्वच्छ राहिली, तर त्याच्या खाली आलं.

यामागचं कारण आपण रोज बघतो. पावसाळ्यात मिठाच्या डब्याला पाणी सुटतं. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाझरतं. आणि त्याच ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत मक्याचा दाणा साधारण १४ टक्क्यांवर स्थिरावतो. म्हणजे बरणीतलं मीठ तुम्हाला दाण्याभोवतीच्या हवेची खबर देतं. उघड्या पोत्यातलं बी पावसाळ्यात का बिघडतं, हेही यातूनच कळतं: आर्द्रता ८५ च्या पुढे महिनाभर राहिली की डिसेंबरात कडक वाळवलेला मका पुन्हा १६ टक्क्यांकडे सरकतो. वाळवलं होतं खरं, पण वाळलेलं राहिलं नाही.

मिठाची परीक्षा पास झाली म्हणून थांबू नका. ती १५ ची रेघ आहे, आपल्याला १२ हवेत. त्यापुढे सोललेले दाणे चार-पाच दिवस सकाळच्या उन्हात पातळ पसरा. रोज संध्याकाळी एकच ठराविक पिशवी वजन करा. सलग दोन दिवस वजन हललं नाही, म्हणजे त्या हवेत निघायची तेवढी ओल निघाली. हे थंडीत करा, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत. आडतीवर ओल मोजायचं मीटर असतं, ओळखीच्या व्यापाऱ्याकडे मूठभर दाणे नेले तर आकडा लगेच कळतो. पण तो "चालेल" म्हणाला तर विचारा किती आहे. विकायच्या मक्याला १४ टक्के चालतात, बियाला नाही.

हा दोन टक्क्यांचा हट्ट कशासाठी? बियाण्याच्या शास्त्रात एक ठोकताळा आहे: ओल दर एका टक्क्याने कमी झाली की बियाचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. तो सर्वसाधारण ५ ते १४ टक्के ओलीच्या दरम्यान लागू पडतो. १४ वरून १२ वर आणलेलं बी चौपट टिकतं.

ऊन किती

ओलं बी आणि तीव्र ऊन हे सगळ्यात वाईट. दाण्याचं स्वतःचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. एप्रिलच्या दुपारी सिमेंटचा ओटा, पत्रा, डांबरी रस्ता पन्नाशी सहज ओलांडतात. अनवाणी पाय ठेववत नाही त्या जागी बी टाकू नका, ही आमच्या घरची साधी खूण. रब्बीचा मका मार्चमध्ये निघतो, हवा कोरडी असते, त्यामुळे बियाला तो खरिपापेक्षा चांगला. पण त्याला ऊन नऊपर्यंतचं द्या आणि नंतर सावलीत ओढा.

सोलताना काठीने बडवू नका, मळणीयंत्रात घालू नका. दोन कणसं एकमेकांवर घासून किंवा लोखंडी हातसोलणीने काढा. बियापुरत्या मक्याला एक दुपार पुरते. शेंड्याकडचे बारीक आणि बुडाकडचे वेडेवाकडे दाणे कोंबड्यांना, मधले बियाला.

हिरवट-पिवळी बुरशी दिसणारं कणीस मात्र कोंबड्यांनाही घालू नका, गाईला तर नाहीच. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवून जात नाही आणि गाईच्या दुधात उतरतं. पांढरी-गुलाबी बुरशीही बाजूलाच. अळीने शेंडा कुरतडलेल्या कणसांत हे जास्त आढळतं, आणि २०१८ मध्ये आपल्या देशात अमेरिकन लष्करी अळी आल्यापासून अशी कणसं वाढली आहेत. ती जाळा किंवा खोल पुरा.

स्वच्छ डब्यात सोंडे येतात कुठून

डब्यात ते बाहेरून शिरत नाहीत, आपणच आत भरतो. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. हे शेतात उभ्या कणसावरही घडतं, विशेषतः पातींनी शेंडा झाकलेला नसेल तर. आपण भरतो तेव्हा दाणा डोळ्याला निर्मळ दिसतो. आपल्या हवेत महिना-सव्वा महिन्याने भुंगे बाहेर पडतात. म्हणून भरल्यानंतर चाळीस दिवसांनी डबा एकदा बघायचाच. ऊन दाखवल्याने वरचे भुंगे पळतात, दाण्यातली अळी तिथेच राहते.

घरचं बी चार-पाच किलोच असतं, त्याला माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपाय फ्रीजरचा. पण १२-१३ टक्क्यांच्या आत वाळलेलं बीच घालायचं, ओल्या दाण्यातलं पाणी गोठलं तर कोंब मरतो. हवा काढून घट्ट बांधलेल्या पिशवीत, उणे १८ अंशांच्या कप्प्यात, आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. गार दाण्यावर हवेतलं पाणी धरतं, पाण्याच्या तांब्याला बाहेरून धरतं तसं, आणि महिनाभर वाळवलेलं पाच मिनिटांत ओलं होतं. रात्रभर बंद पिशवी खोलीत ठेवा, सकाळी उघडा.

फ्रीजर नसेल तर लाकडाची राख वस्त्रगाळ करून दाण्यांत चांगली मिसळा, दाणा करडा दिसेल इतकी. राखेचे कण किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडतात आणि तो कोरडा पडून मरतो, शिवाय दाण्यांमधल्या फटी बुजल्याने त्याला हिंडता येत नाही. डबा काठोकाठ भरा. अर्धा रिकामा डबा म्हणजे किड्यांना श्वासाला हवा. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर सावलीत पूर्ण वाळवून घाला. हिरवा पाला घालून आपण पुन्हा ओलच घालतो.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घरात आणू नका, हात जोडून सांगते. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणसं मारतो. चार किलो बियासाठी तो धोका कोणीही घेऊ नये.

डबा घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात, जमीन आणि भिंतीपासून सुटा ठेवा. पत्र्याखालचा माळा टाळा.

उगवलं चांगलं, पण मका वेगळाच निघाला

ही तक्रार वाळवण्याची नाही, पण बी धरणाऱ्याला ती आज ना उद्या भेटते. हायब्रीड मक्याचं बी घरी धरलं तर दुसऱ्या वर्षी झाडं उंच-बुटकी, कणसं लहान-मोठी निघतात, कितीही नीट वाळवलं तरी. बाजारात मिळणारं स्वीट कॉर्नही बहुतेक हायब्रीडच. बी धरायचं तर गावठी वाण किंवा चाऱ्याच्या आफ्रिकन टॉलसारखे संमिश्र वाण घ्या, ज्यांचं घरचं बी पुढच्या वर्षीही चालतं.

आणि गावठी असला तरी मक्याचं परागीकरण वाऱ्यावर होतं. कणसाच्या प्रत्येक केसाला एक दाणा. त्या केसावर शेजारच्या शेतातला पराग पडला की तो दाणा शेजाऱ्याचा. आमच्या पांढऱ्या कणसांत पिवळे दाणे त्याच वर्षी दिसतात, कारण पिवळा रंग पांढऱ्यावर चढतो. ते पिवळे दाणे एकेक वेचून काढले की झालं. पिवळा गावठी मका असलेल्यांना ही सोय नाही, भेसळ डोळ्याला दिसतच नाही. प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटरचं अंतर ठेवतात. आपल्याला तेवढी जागा नसते, म्हणून वेळ बदला: शेजाऱ्याच्या आगेमागे तीन-चार आठवड्यांच्या फरकाने टोबा, म्हणजे त्याचे तुरे आणि तुमचे केस एका वेळी येणार नाहीत.

सगळ्यात मोठी पाच कणसं निवडून बी धरायचं, ही चूक मीही केली. मक्याला जवळच्या नात्यातलं परागीकरण सोसत नाही. चार-दोन पिढ्यांत ताटं बारीक होतात, कणसं आखडतात. निदान शंभर झाडांकडून बी यायला हवं. तेवढी नसतील तर त्याच वाणाचं बी करणाऱ्या पाहुण्यांशी दर दोन वर्षांनी अदलाबदल करा. निवड कणसाची नव्हे, उभ्या झाडाची करा: न लोळलेलं, निरोगी, मधल्या ओळीतलं. हिरवं असतानाच त्याला चिंधी बांधून ठेवा.

रोहिणीत शंभर दाणे

मेअखेर, पेरणीच्या पंधरा दिवस आधी, डब्याच्या वरून, मधून आणि तळातून मिळून शंभर दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा पण निथळू द्या. सातव्या दिवशी उघडा आणि मूळ व कोंब दोन्ही नीट असलेलेच मोजा. नुसतं मूळ दिसलं म्हणून मोजाल तर शेतात पुन्हा फसाल. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ९० टक्के असते. ९० च्या जवळ असाल तर एकेक दाणा टोबा. सत्तर-ऐंशी आले तर दोन-दोन टोबून विरळणी करा. पन्नासच्या खाली गेलं तर त्या बियावर शेत सोपवू नका, मागच्या वर्षीचा राखीव डबा काढा.

राखीव डबा असलाच पाहिजे. निघालेल्या बियातला तिसरा हिस्सा आम्ही वेगळ्या बरणीत घालतो आणि त्या वर्षी उघडतच नाही. बरणीवर चिकटपट्टीवर वर्ष, तुकड्याचं नाव आणि मिठाच्या परीक्षेची तारीख. तिसऱ्या वर्षी शंभरातले एकेचाळीस आले तेव्हा सासूबाईंच्या चुलीवरच्या बियाचं धुरकटलेलं एक पोतडं माळ्यावर सापडलं होतं, म्हणून हा वाण आज आमच्याकडे आहे.

पेरायच्या दिवशी बरणी शेतात नेऊ नका. लागेल तेवढं घरातच काढून घ्या, झाकण लगेच लावा, आणि शेतातून उरून आलेलं बी बरणीत परत टाकू नका. त्याला एव्हाना पावसाळी हवा लागलेली असते.